कानसेनने आवळलेला क्लॅम्प

त्याला सगळे कानसेन म्हणायचे, पण गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. गाडीच्या कारखान्यात, इंजिन विभागात तो सत्तावीस वर्षं फिटर होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मिनिटभराने सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला आहे, नाहीतर म्हणायचा, ठीक आहे, जाऊ द्या. ठीक असलं की झाकणाच्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याशिवाय एकही इंजिन बाहेर जात नसे. हा नियम कंपनीचा नव्हता, त्याचा होता. एकदा साहेबांनी घाईघाईत बिनठिपक्याची चार इंजिनं पुढे ढकलली, तर हा गडी पाने घेऊन पुढच्या विभागात पोचला आणि गाड्यांत बसवलेली इंजिनं त्याने पुन्हा उघडली.

मी तिथे युनियनचं काम करायचो. माझी शाळा आठवीत सुटली. कायदा मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून शिकलो आणि भल्याभल्या वकिलांना त्यांचीच कलमं ऐकवली. कानसेन मला ‘पुढारी’ म्हणायचा. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त असायचा.

त्या विभागात एकाच गाडीचं इंजिन तयार व्हायचं. दोन दारांची, बुटकी, हलकी स्पोर्ट्स कार. श्रीमंतांच्या गाडीसारखी दिसायची, पण नर्सला, शिंप्याला, शाळेतल्या मास्तरला हप्त्यांवर परवडायची. इंजिन साधं, टर्बो नसलेलं. मग एका सकाळी नोटीस लागली की पुढच्या वर्षीपासून या गाडीला छोटं टर्बो इंजिन बसणार. ते दुसऱ्या कारखान्यातून बंद पेटीत तयार येणार. पेटी उघडायची, इंजिन बसवायचं, झालं. म्हणजे आमच्या विभागातले बहात्तर जण बिनकामाचे.

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. साहेब शांतपणे म्हणाले, गिऱ्हाइकाला आता जोर हवा, टर्बोशिवाय स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता देखावा. माझं डोकं फिरलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून मी कानसेनला पुढे केलं.

तो माणूस एरवी दिवसाला दहा शब्द बोलायचा. त्या दिवशी अर्धा तास बोलला. टर्बो म्हणजे काय, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. चढावर ती कामाला येते, हे त्याने स्वतःहून कबूल केलं. मी टेबलाखालून त्याला पाय मारला, तरी केलं. पण पंखा आला की उष्णता आली, जादा नळ्या आल्या, किंमत वाढली, आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्याने हात वर केले. आयुष्यात एकदाच मनासारखी गाडी घेणाऱ्या माणसाला हे कशाला? शेवटी तो म्हणाला, “साहेब, आपल्या इंजिनाला पाय लावला की ते निघतं. टर्बो आधी दम भरतो, मग निघतो. वळणावर तेवढा वेळ नसतो.”

साहेब हसले. म्हणाले, करून बघू. कंपनीच्या चाचणी-रस्त्यावर दोन्ही गाड्या पळवू, शोरूमवाल्यांना बोलावू, घड्याळ लावू. तुमची जिंकली तर विभाग चालू राहील.

आणि इथे मी शहाणपणा केला. मला वाटलं, हे लोक आमच्या गाडीत खोट करून ठेवतील. म्हणून मी अट घातली की दोन्ही गाड्या आमच्याच विभागात तपासल्या जातील आणि कानसेनच्या ठिपक्याशिवाय एकही रस्त्यावर जाणार नाही. साहेबांनी लगेच सही केली. बाहेर येऊन मी छाती फुगवून ती सही सगळ्यांना दाखवली.

टर्बोची गाडी चालवणार होता कानसेनचा मेव्हणा. तो कंपनीचा चाचणी-चालक. चाचणीच्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन विभागात आला तोच दात काढत. “दाजी, ताईला सांगून आलोय, आज नवरा उतरलेल्या तोंडाने येईल, काही बोलू नकोस.” कानसेन म्हणाला, तुझ्या ताईला माझं उतरलेलं तोंड लग्नापासून ओळखीचं आहे. सगळे हसले. मीही हसलो. त्या विभागात पुन्हा कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

आधी त्याने आपलं इंजिन ऐकलं आणि ठिपका दिला. मग टर्बोकडे वळला. स्क्रूड्रायव्हर इकडे टेकव, तिकडे टेकव. पंख्याकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीपाशी, तिला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर तो थांबला. मेव्हणा पाणी प्यायला गेला होता, जवळ मी एकटाच होतो.

“क्लॅम्प नीट बसलेला नाही,” तो म्हणाला. “हवा गळतेय.”

मी विचारलं, धोका आहे का? म्हणाला, धोका काही नाही, जोर कमी पडेल. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की मग हात लावू नकोस, ठिपका दे आणि सोड. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी परक्या भाषेत बोलत होतो. माझा ताबा सुटला. बहात्तर घरं, त्यांच्या पोराबाळांची तोंडं, सगळं मी त्याला ऐकवलं. नळी ढिली त्यांनी ठेवली, आपण नाही, हेही सांगितलं.

“पुढारी, ठिपका माझा आहे,” तो म्हणाला. “आणि मी जिंकलो तर कोणाशी जिंकलो? ढिल्या नळीशी?”

त्याने क्लॅम्प सरळ केला, स्क्रू आवळला, पुन्हा ऐकलं आणि ठिपका दिला. मी काय करू शकत होतो? अट माझीच होती.

दहा फेऱ्या झाल्या. आठ वळणांचा रस्ता, शेवटी एक लांब चढ. वळणांवर आमची गाडी पुढे निघायची, खरंच निघायची. शोरूमवाल्यांपैकी एकजण तर खुर्चीवरून उठला होता. चढ आला की टर्बो मागून यायचा आणि निघून जायचा. शेवटी चार सेकंदांनी आम्ही हरलो. मेव्हण्याने गाडीतून उतरून दाजींचे हात धरले. नळीचं त्याला नंतर कळलं. तो म्हणाला, ती गळती राहिली असती तर दहा फेऱ्यांत माझे सहज वीस सेकंद गेले असते.

विभाग तीन महिन्यांत बंद झाला. नळीची गोष्ट मीच रागाच्या भरात चारचौघांत बोललो आणि ती बहात्तर घरांत पोचली. कानसेन रस्त्यात दिसला की लोक बाजू बदलायचे. एकाच्या बायकोने त्याच्या दारात येऊन त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, नको ते सुनावलं. कानसेनला एका इस्पितळाच्या वाहनतळावर काम मिळालं, गाड्यांना पावत्या देण्याचं. वहिनींनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला होता, हरलो, पण सरळ हरलो.

पुढे दीड वर्षाने, विभाग बंद केल्याविरुद्ध आम्ही भरलेल्या खटल्यात कंपनीला कागद दाखल करावे लागले. त्यात मला टर्बो इंजिनांचा करार सापडला. त्यावरची तारीख चाचणीच्या दोन महिने आधीची होती. आमची गाडी सोळा सेकंदांनी जिंकली असती तरी विभाग बंदच होणार होता. शोरूमवाले, घड्याळ, सही, सगळा तमाशा.

मी तसाच कागद घेऊन त्याच्या घरी धावलो. मला वाटलं, याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तो खिडकीपाशी बसून गणवेशाच्या शर्टाला बटण लावत होता. मी कागद वाचून दाखवला आणि म्हणालो की त्या क्लॅम्पने काहीही बिघडलं नाही, तुझी चूक नव्हतीच.

त्याने कागद हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं.

“म्हणजे ती शर्यतच नव्हती,” तो म्हणाला.

मी अजून बोलत होतो, लोकांना बोलावून कागद दाखवतो, तुझी माफी मागायला लावतो. त्याने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली, शर्ट तसाच खुर्चीवर टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी हाक मारली.

वहिनी मला बाहेरच्या दारापर्यंत सोडायला आल्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “सरळ हरलो, एवढी एक गोष्ट होती त्यांच्याकडे. आता येऊ नका काही दिवस.”