नानाच्या हातचं मटण

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. पिंपळगाव राजात माझ्या भावाच्या, नानाच्या, शेताला लागून ज्यांचं शेत आहे, ते हे रशीदभाई. एरवी फोन केला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारा हा माणूस त्या दिवशी नुसतं "बाई..." म्हणून थांबला. मग म्हणाला, "नाना गेले. तुमी निंगा." खामगावाहून पिंपळगाव काही फार लांब नाही, पण त्या दुपारी रस्ता संपता संपेना. घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि आत सुमनवहिनी नानाच्या उशाशी बसून येणाऱ्या प्रत्येकीला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होती. मलाही दटावलंच. "हळू बोला ना बाई, आत्ता कुठं डोळा लागला त्यायचा." मी तिची सख्खी नणंद, अर्धा जन्म तिच्याशी भांडण्यात गेला माझा... पण तिनं मला ओळखलं नव्हतं. नवरा गेलाय हेही तिला कळलं नव्हतं, आणि ते तिला कसं सांगायचं हे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

आता महिना उलटून गेलाय. भेटायला येणारा जो तो सांगतो की नाना म्हणजे देवमाणूस. मला रागच येतो. कसला देवमाणूस हो? एक नंबरचा हट्टी होता माझा भाऊ. एका बैलानं त्याला लाथ मारून महिनाभर खाटेवर पाडलं, तर उठल्यावर त्याच बैलाला वैरण मीच टाकणार म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि खाण्याचा शौकीन म्हणजे किती! रविवारी मटण झालं नाही तर सोमवारपर्यंत तोंड फुगलेलं. त्याच्या या दोन गोष्टी, हट्ट आणि खाणं, शेवटी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. त्याचंच मला सांगायचंय.

वहिनी रोहिणखेडची. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते, आणि आमचं पहिलं भांडण पेटलं ते मटणातल्या नळीवरून. नळी घरच्या लेकीची, असं मी म्हणायचे. नव्या सुनेचं पहिलं वर्ष लाडाचं असतं, असं ती. आई हसून हसून बेजार व्हायची. वहिनी मटण खायला बसली की तिच्याशी बोलायची सोय नसे, इतकी ती त्यात रमायची. पुढे मनीषा झाली. माझी ही भाची तीनेक वर्षांची असताना तापानं फणफणली, डोळे फिरवू लागली. अकोल्याच्या दवाखान्यात सगळ्यांनी आशा सोडली होती. तिथल्या व्हरांड्यात बसून वहिनीनं मनातल्या मनात नवस केला, की पोरगी उठली तर गळ्यात माळ घालीन आणि मटणाला पुन्हा शिवणार नाही. पोरगी उठली. घरी आल्यावर वहिनीनं आंघोळ करून तुळशीची माळ घातली, मगच पहिला चहा घेतला. त्यानंतर तिनं कधी कुरकुर केली नाही, की आपण केवढं सोडलं ते कुणाला ऐकवलं नाही.

आमच्याकडे माळकरणीच्या घरात मटण शिजत नाही. मग नानाची चूल गेली बाहेर, गोठ्यामागे. तीन दगड, एक वेगळी हांडी, वेगळी पळी. नाना आणि रशीदभाई तिथं बसून शिजवायचे, तिथंच खायचे, आणि नाना आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचा. भाकरी मात्र वहिनीच करून द्यायची. दारात उभी राहून वरून हातात सोडायची, आणि "तिखट कमी टाका, मंग पोट धरून बसता," असा दम द्यायची. दोघांनी आपापलं सांभाळलं. मी कधी त्यांना यावरून एकमेकांना टोचताना पाहिलं नाही.

मग वहिनीला विसर पडू लागला. आधी चाव्या, मग शेजारणींची नावं, मग घराचा रस्ता. नाना स्वयंपाकाला उभा राहिला की ती हळूच दार उघडून निघायची, आणि मग गावभर शोधाशोध. मनीषा पुण्याला नोकरीत अडकलेली. तिनं एक विजेवरचा स्लो कुकर पाठवून दिला. म्हणाली, नाना, सकाळी सगळं त्यात टाकायचं, झाकण लावायचं आणि आईजवळ बसायचं, संध्याकाळी जेवण तयार. नानानं आधी त्याला नावं ठेवली. शिटी नाही, वाफ नाही, घाई नाही, "हा तं आळशी कुकर हाय." पण चारच दिवसांत त्या आळशी कुकरवर त्याचा असा जीव जडला की विचारू नका. अख्खे छोटे कांदे, सोललेले लसूण, बटाट्याच्या मोठ्या फोडी, गाजर, वालाच्या शेंगा. वर भाजलेलं सुकं खोबरं आणि काळा मसाला, आणि रस्सा दाट व्हायला मूठभर येसर, म्हणजे भाजल्या डाळी-गव्हाचं आमचं मसाल्याचं पीठ. मध्येच लाईन गेली की भांड्याला जुनी गोधडी गुंडाळून ठेवायचा. लाईन येईपर्यंत भाज्या त्या उबेत मुरत राहायच्या.

एका थंडीतल्या दुपारी नाना आणि रशीदभाई गोठ्यामागे बसले होते. वास घरात गेला असणार. वहिनी बाहेर आली, चुलीपाशी उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "मलेबी वाढा ना थोडं. किती दिवसांचं खाल्लंच नाही." रशीदभाई सांगतात, नानाच्या हातातली पळी तशीच वर राहिली. त्यानं तिला हाताला धरून आत नेलं, दूध-भाकरी कालवून दिली. ती लहान पोरासारखी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नानानं हांडी रशीदभाईंकडे देऊन टाकली आणि गोठ्यामागची चूल मोडली. वासच नको घराच्या आसपास, म्हणाला. मटणावाचून तोंड फुगवणारा माझा भाऊ त्या दिवसापासून मटणाशिवाय जेवू लागला. गळ्यात माळ नसताना.

पण वहिनीचं मागणं थांबेना. मी गेले की माझा पदर धरून हळूच विचारायची, "घरात मटन हाय का वो बाई?" एकदा मी नानाला फैलावर घेतलं. म्हटलं, अरे, उरलेत किती दिवस बिचारीचे? जिला माळ घातल्याचं आठवत नाही, तिला कसली शपथ लागू होते? देव काय काठी घेऊन बसलाय का वर? मनीषाला फोन लावून दिला. तीही बापाला म्हणाली, नाना, द्या हो आईला, मी काही मरत नाही आता. नानानं फोन ठेवला. मला म्हणाला, "शोभे, पोरीसाठी घातली तिनं माळ. तिची ती विसरली, म्हनून म्याबी विसरू का? मटन देईन तं पहिले गळ्यातली माळ काढा लागन. ते माह्या हातानं होत नाही."

मग त्यानं त्याचा मार्ग काढला. आपल्याकडे सोयाबीन काय कमी आहे? त्याच्या वड्या आणल्या. गरम पाण्यात भिजवल्या, पिळल्या, पुन्हा भिजवल्या, आणि त्या भाज्यांमध्ये सकाळी टाकून दिवसभर त्या आळशी कुकरमध्ये मुरू दिल्या. मसाला तोच, गोठ्यामागच्या हांडीतला. संध्याकाळी भाकरी कुस्करून वहिनीपुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, सुमन, घे, मटन. जन्मभर बायकोचं नाव न घेतलेला माणूस. पण आता ती नावाशिवाय कशालाच ओ देत नव्हती. वहिनीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि ताट संपेपर्यंत कुणाशी बोलली नाही. नानानं त्याच भांड्यातलं आपल्याही ताटात घेतलं. इतक्या वर्षांनी दोघं नवरा-बायको एकाच भांड्यातलं 'मटण' एकत्र बसून खात होते. मी पुढ्यात होते, मला हसावं की रडावं कळेना.

तरी माझी जीभ गप्प बसली नाही. म्हटलं, नाना, तू स्वतःला फसवून राह्यलास. ती मनानं मटणच खाते ना? मग शपथ मोडलीच की. तो ताटातला रस्सा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "मनाचं तिचं तिले. ताटाचं माह्याकडं." मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. जिवंतपणी माणसाला जे हवंय ते द्यावं, असं मला वाटत आलंय, आणि नाना त्या बाबतीत कठोर वागला असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तो जाईपर्यंत आम्ही या गोष्टीवर भांडतच होतो. जाण्याच्या आदल्या रविवारीसुद्धा.

तेरावं झाल्यावर मनीषा आईला पुण्याला न्यायला निघाली, पण तिचं घर वरच्या मजल्यावर, आणि लिफ्टचा विषय निघाला तरी वहिनी थरथर कापते, म्हणून तूर्त ती माझ्याकडे आहे. तिच्या कपड्यांच्या पिशवीसोबत मनीषानं तो स्लो कुकरही आणून ठेवला. पहिले काही दिवस वहिनी खिडकीशी बसून नुसती वाट बघायची. "ते मानूस शेतातून आलं नाही का अजून?" मी म्हणायचे, येतील. दुसरं काय म्हणणार? मग एक दिवस तिनं माझा पदर धरला आणि हळूच विचारलं, घरात मटण आहे का. आता मध्ये नाना नव्हता. ताटाचं माझ्याकडे आलं होतं.

मी ठरवलं, द्यायचं. आणलं चांगलं, कोवळं. नानासारख्याच भाज्या, तोच मसाला, तेवढंच येसर. दिवसभर मंद शिजवलं. वास असा सुटला की माझ्याच तोंडाला पाणी आलं. संध्याकाळी ताट करायच्या आधी मी माळ काढायला वहिनीच्या मागे जाऊन उभी राहिले. मानेवरचे विरळ पांढरे केस, त्याखाली घासून गुळगुळीत झालेले ते मणी... दोन वेळा हात पुढे नेला. नाही झालं. मोठ्या तोंडाने भावाशी भांडलेली मी, माझ्याही हातानं ते होईना. शेवटी स्वतःलाच शिव्या घालत तशीच पुढे आले आणि ताट तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, वहिनी, घे, मटण.

तिनं ताट जवळ ओढलं. भाकरीचा तुकडा रश्शात बुडवायला हात खाली नेला आणि थांबली. वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग दोन्ही हातांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"हे मटन नव्हं वो बाई," ती म्हणाली. "मटन द्या ना मले. त्यायच्या हातचं."

मी ते ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि तिथंच ओट्याला धरून रडले, नाना गेल्यानंतर पहिल्यांदा एवढी. त्या रात्री तिला दूध-भाकरी दिली. सकाळी उठून भांडं राखेनं घासलं, आणि तिचा चहा व्हायच्या आत वाटीभर वड्या गरम पाण्यात भिजत घातल्या.