म्हशी कुठं बांधायच्या?

कचेरीत खुर्ची पुढे केली तरी आक्का बसायच्या नाहीत. उभ्यानेच विचारायच्या, "म्हशी कुठं बांधायच्या, सायेब?"

साहेब हसायचे. "आक्का, आधी माणसांचं बघूया की."

"माणसं म्हशी सोडून येत न्हाईत वो."

निपाणीकडच्या आमच्या नदीकाठी हल्ली पूर पूर्वीपेक्षा लवकर येतो आणि उंच चढतो. त्याच्या तयारीचा आराखडा करायला एक संस्था तालुका कचेरीला मदत करत होती. आक्का त्या संस्थेच्या. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी त्यांच्याबरोबर फिरले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. साहेबांसमोर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. आक्का कोपराने ढोसायच्या, "बोल गं, खात न्हाईत ते."

पूर आला की माणसांनी शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे जेवणा-राहण्याच्या छावणीत यायचं, असं आराखड्यात होतं. जनावरांचं नावच नव्हतं. आक्कांना गावाच्या वर, गायरानात, जनावरांसाठी शेड हवी होती. तीही पावसाआधी.

कुणाच्याही घरी त्या सरळ गोठ्यात जाऊन बसत. एका आजोबांनी त्यांना ऐकवलं, "नगं मला तुमची शाळा. माझी गौरी हाय हितं."

"आणि गौरीला बी वर न्हेलं तर?"

"मग मी कशाला ऱ्हातोय हितं? शेण काढाय?"

आक्का खळखळून हसल्या होत्या.

एकदा बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, त्यांनी त्यांच्या गावातल्या पुराचं सांगितलं. होडी दाराशी आली होती. नवरा तिच्यात चढला आणि गोठ्यातली दावी सोडायला परत उतरला. "म्हशी पोहत वर आल्या गं," एवढंच म्हणाल्या.

शेडला मंजुरी आली त्या दिवशी आक्का कचेरीत पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आनंदाने बसल्या. त्यांना धाप लागली होती. हृदयाचं दुखणं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेडवर पत्रे चढले त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मग पूर आला. गायरानातली शेड जनावरांनी भरून गेली. बायका वैरण पसरत होत्या, पत्र्यावरच्या पावसात माणसं एकमेकांशी ओरडून बोलत होती. खाली गावात कुणी उरलं नव्हतं.

साहेब भिजतच आले. त्यांना आक्कांचं कळलं नव्हतं. "तुमच्या आक्का कुठं आहेत? बोलवा की, बघू देत त्यांना."

मला सांगावं लागलं.

समोर एक म्हैस भिजलेल्या रेडकाला चाटत होती. आम्ही दोघं तिकडेच बघत उभे राहिलो.