जांभळ्या कोटातले फौजदार

फौजदारकाकांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि लोकांना घाबरवणं हा त्यांचा पिढीजात धंदा होता.

ते बहुरूपी. सुगी आटोपली की जामखेडच्या अलीकडच्या आमच्या गावात यायचे आणि चार-पाच दिवस रोज नवं सोंग घेऊन फिरायचे. कधी वैद्यबुवा, कधी सासुरवाशीण, कधी वसुलीला आलेला साहेब. पण गाजलं ते फौजदाराचं सोंग. पोटाला धोतर गुंडाळून ढेरी, बोकडाच्या केसांच्या मिशा, हातात वेताची काठी. "ह्या गावातली कुत्री कुनाच्या परवानगीनं भुकत्यात? हजर करा सरपंचाला!" असं ते चौकात ओरडले की मी घरात धान्याच्या कोठीमागे लपायचे. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, ते मला हाताला धरून बाहेर आणायचे आणि म्हणायचे, "अगं, तो कोट बघ. जांभळा फौजदार असतो का कुठे?"

कोट जांभळा का, हे मला फार उशिरा कळलं. खाकी घातला आणि खऱ्या फौजदाराला राग आला तर काय घ्या, म्हणून काकांनी मुद्दाम असा रंग निवडला होता, जो कुठल्याच खात्याचा नव्हता.

त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची, एसटीच्या मागच्या सीटची वाटायची, लिफ्टची वाटायची, अनोळखी नंबरची वाटायची. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आधी वळवायचे. टाचा दाराकडे, अंगठे रस्त्याकडे. उठून पळायची वेळ आली तर पाय घालायला सोपं. घरात बसतानाही पाठ भिंतीला. मी एकदा हसले तर म्हणाले, "हस की. तू कुनाच्या दारात परकी म्हनून हुबी न्हाई ऱ्हायलीस आजून."

मी आता नगरात, म्हणजे अहिल्यानगरात राहते आणि खेळ लिहिते. मोबाईलवरचे नव्हेत. चार माणसं टेबलाभोवती बसतात, पुढ्यात कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पात्रांच्या या जातकुळीला खेळात क्लास म्हणतात. ज्या कंपनीसाठी मी लिहिते तिला 'आशियाई धाटणीचा कलावंत' असा नवा क्लास हवा होता. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात हातात जपानी पंखा, अंगात चिनी रेशीम आणि कपाळाला टिकली अशी एक नर्तकी होती. ती गाणं म्हणायची आणि सोबत्यांच्या जखमा भरायच्या. कुठल्या गावची, कुणाची, कशाचा पत्ता नाही. मला फौजदारकाका आठवले. वही घेतली आणि त्यांच्या वस्तीवर गेले.

क्लास म्हणजे काय हे त्यांना दहा मिनिटांत समजलं. सोंग घेणं हा त्यांचा रोजचा व्यवहार. फासा तेवढा नवा. मी माझ्या बहुरूप्याच्या शक्ती वाचून दाखवल्या. कुठलंही रूप घेतो, शत्रूला भुरळ पाडतो, घोळक्यात नाहीसा होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् सोंग उघडं पडलं की?"

"मग दुसरं सोंग घ्यायचं."

"त्याला भ्या न्हाई वाटत?"

मी म्हटलं, हा नायक आहे काका. ते मान हलवत राहिले. "भ्या नसलेल्याला सोंग येत न्हाई, ताई. समोरचा कवा चिडंल, कवा धावंल, हे ज्याला आधी कळतं त्योच त्याला हसवू शकतो. तुझा ह्यो गडी दुसऱ्या गावात मरंल."

एका रविवारी मी त्यांना नगरला बोलावलं. माझे दोन मित्र होते, क्लास खेळून बघायचा होता. काकांनी फासा आधी सगळ्या बाजूंनी फुंकला. गोष्ट सांगणारा मित्र म्हणाला, "तुमच्यासमोर एक अनोळखी गाव आहे. काय करता?" काका म्हणाले, "पाटलाकडं जातो. वर्दी देतो." ही त्यांची रीत. सोंग चढवण्याआधी, साध्या कपड्यांत पोलीस पाटलाला गाठायचं, नाव-गाव सांगायचं, कागद दाखवायचा, मगच रंग लावायचा. मित्र म्हणाला, पाटील घरी नाही. काका म्हणाले, "मंग मी येशीबाहीर बसतो." मित्राने सांगितलं, आत राक्षस आहे, लोक संकटात आहेत. "आसू दे. पाटील यीस्तवर बसतो." तासभर खेळलो, काका वेशीबाहेरून हलले नाहीत. आम्ही तिघं पोट धरून हसलो. मी वहीत लिहिलं, 'वर्दीचा नियम नको, खेळ अडतो.'

पुढे जे झालं ते लिहिताना आजही माझा हात जड होतो.

चित्रकाराला दाखवायला मला वैद्यबुवाचे फोटो हवे होते. कंपनीला क्लास जखमा भरणारा हवा होता, तेव्हा दाढी, बाटल्या आणि खांद्याला झोळी असलेलं सोंग नेमकं बसत होतं. त्या दिवसांत गावोगावच्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता. झोळीवाल्यांपासून सावध राहा, असा. काकांनी दीड महिना घर सोडलं नव्हतं. "नगं ताई, हवा बरी न्हाई," त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ज्या गावात तुम्ही वीस वर्षं जाताय तिथेच जाऊ, मला नसलं तरी तुम्हाला तिथे सगळे ओळखतात. मास्तरांच्या पोरीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

पोलीस पाटील तालुक्याला गेले होते. काका त्यांच्या ओट्यावर बसले. चार वाजून गेले, ऊन उतरायला लागलं. मला उजेड हवा होता. मी म्हटलं, "काका, चला ना. आल्यावर सांगू त्यांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिंबाच्या आडोशाला जाऊन दाढी लावली.

लोकांनी कॅमेऱ्याकडे बघू नये म्हणून मी लांब, एका ट्रॉलीच्या मागे उभी राहिले. काकांनी एका लहान मुलीची नाडी धरली, डोळे फिरवले, "हिच्या पोटात चांदोबा आडकलाय!" म्हणाले. मुलगी रडली. एरवी इथे हशा पिकतो. त्या दिवशी पिकला नाही. तिची आई धावत आली, तिच्यामागे दोघं आले, मग दहा, मग मला मोजता येईना. कुणीतरी मोबाईल पुढे केला. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, "त्या ट्रालीमागं बाई हाय, पोरांचे फोटो काढती." मला ओढत मध्ये आणलं. काय करता, विचारलं. मी खेळ लिहिते, म्हटलं. माझं मलाच ते खोटं वाटलं.

काकांची झोळी उपडी झाली, बाटल्या फुटल्या. त्यांनी घाईघाईने दाढी उपटली, अंगरखा काढला, ओल्या टॉवेलने तोंड खसाखसा पुसलं आणि बनियनवर उभे राहिले. "मी हाय मी! दरसाल येतो की तुमच्यात! बगा वळकून!"

लोकांनी बघितलं. ज्यांना त्यांनी वीस वर्षं हसवलं होतं त्यांनी अगदी जवळ येऊन बघितलं, आणि एकालाही तो चेहरा ओळखू आला नाही. कसा येणार? तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. साध्या तोंडाने ते फक्त पाटलाला भेटायचे, आणि तेवढाच एक माणूस गावात नव्हता. त्यांनी आधारकार्ड काढलं. "कारड काय, कुनी बी काडतंय," एक जण म्हणाला. मागच्या माणसाच्या हातात फावड्याचा दांडा होता. आता आपण दोघं इथेच मरणार असं मला स्पष्ट वाटलं. ते वाटणं अंगातून अजून गेलेलं नाही.

तेवढ्यात काका ओरडले. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसती हवा आली. दुसऱ्यांदा फुटला. ढेरी नाही, मिशा नाहीत, उघड्या दंडाचा म्हातारा बनियनवर छाती काढून गरजला, "ए! रांगंत हुबं ऱ्हावा! ह्या गावातली कुत्री कुनाच्या परवानगीनं भुकत्यात? हजर करा सरपंचाला!"

एक क्षण सगळं थांबलं. मग ओट्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो तर आपला फौजदार हाय!"

आणि लोक हसायला लागले. दांडा खाली पडला. त्याच माणसाने चहा आणला. कुणी फुटलेल्या बाटल्या गोळा केल्या, कुणी काकांच्या पाठीवर थाप मारली, लई दिसांनी आलात म्हणाले. काकांनी तीन कप चहा प्यायला. नको म्हणायची भीती वाटत होती.

परत येताना जीपमध्ये मी रडत होते. काका म्हणाले, "रडू नगंस. वर्दी मी द्यायची आसती, तू न्हाई." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "माझ्या तोंडानं मला वाचवलं न्हाई बग. सोंगानं वाचवलं."

मी वही काढली आणि क्लास पहिल्यापासून लिहिला. माझ्या बहुरूप्याने गावात शिरताना एका तरी माणसाला आपलं खरं नाव सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं, तर सोंग उघडं पडल्यावर त्याचा खरा चेहरा कुणालाच ओळखू येत नाही आणि फासा त्याच्या विरुद्ध पडतो. कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "लोक मजेसाठी खेळतात. एवढा धाक कशाला?" मी सांगितलं, हा नियम काढायचा तर माझं नावही काढा. एरवी मी वाद घालणारी नाही, मीही भित्रीच आहे. नियम राहिला.

छापलेलं पुस्तक घेऊन मी त्यांच्या वस्तीवर गेले, तीच आमची शेवटची भेट ठरली; पुढच्या हिवाळ्यात ते तापाने गेले. सोंग त्यांनी सोडून दिलं होतं, पण फिरणं सोडलं नव्हतं. दर आठवड्याला एसटीने एकेका गावाला जायचे. रंग नाही, झोळी नाही, साधा सदरा, टोपी. पारावर तासभर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव सांगायचे आणि परत यायचे. "तोंड दाखवून येतो," म्हणाले. "नातवंडं ह्याच गावांतनं कामाला जानार. म्हातारा कुनाचा कोन, लोकांला ठावं पायजे."

मी विचारलं, मग ओळखतात का आता?

"वळकत्यात की. परवाच्याला त्या गावात गेल्तो, जितं आपलं तसं झालं. फौजदार आलं, फौजदार आलं म्हनून सगळी गोळा झाली. मी म्हनलं, न्हाई बाबांनो, आज सोंग न्हाई, आज मी हाय. तर येक जन म्हनतो कसा, व्वा काका! भ्यालेल्या म्हाताऱ्याचं सोंग आजपातूर असं कुनाला वठलं न्हाई. टाळ्या वाजवल्या समद्यांनी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? तो दांडेवाला बी हुताच त्यात. म्या हात जोडलं आन् बिदागी घेतली," काका म्हणाले. "न्हाई म्हनायचं भ्या वाटलं."