मकबऱ्याची शेजारीण

दिल्लीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमागे एक जुना मकबरा आहे. थंडीत त्याच्या कुंपणावर आम्ही सगळ्याजणी रजया उन्हात घालतो. एका सकाळी एक परदेशी आजी स्टुलावर बसून त्या मकबऱ्याचं चित्र रंगवत होत्या, ब्रश दातांत धरून, एक डोळा मिटून. चित्रात माझी गुलाबी रजई नको, म्हणून मी धावत जाऊन ती उचलली.

आजी इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज, परत घाला. मकबरे पुष्कळ देशांत रंगवले. शेजारपाजार असलेला हा पहिलाच."

मी घातली. त्यांनी बोटानं खुणावलं, जरा डावीकडे. मी निमूट सरकवली.

ऊन उतरलं तसा नवरा गॅलरीतून म्हणाला, "रजई गार पडेल यार, आण आत."

म्हटलं, "पडू दे. तिची सावली रंगवायची राहिलीय."