आधी डबा वाजवायला हवा होता

मंडळी, आज दुपारी ऊस तोडून गेलेल्या रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं. तेव्हापासून तीनदा हात धुतलेत.

निपाणीजवळ आमच्या मळ्यात सशांची एक जोडी राहते. रोज तिन्हीसांजेला दोघं गोठ्याशी येऊन सांडलेला हिरवा चारा खातात. आप्पा, म्हणजे माझे वडील, होते तेव्हा पाचट पेटवायच्या आधी रानाभोवती पत्र्याचा डबा बडवत फिरायचे आणि आग एकाच बाजूनं लावायचे. मला ती त्यांची जुनी खोड वाटायची.

आज मी चारी बाजूंनी पेटवलं. लवकर उरकायचं होतं.

जाळ मधोमध पोचला आणि तान्हं मूल किंचाळावं तसा आवाज आला. मी घराकडं पळत जाऊन बायकोला विचारलं, "बाळ का रडतंय गं?"

"बाळ झोपलंय की आत. कोण रडतंय मग?"



आत्ता गोठ्याशी एकच ससा आलाय. चाऱ्याला तोंड लावत नाही, जळालेल्या रानाकडं बघत बसलाय. त्याच्या वरच खुंटीला आप्पांचा डबा टांगलाय.

अंधार पडायला लागलाय. तो बसलाय तोवर मला गोठ्याचं दार लावायला होईना. तुम्ही लावलं असतं का?