पांढरा थांबेपर्यंत

आमच्या घरात शांतता झाली की सगळे घाबरतात. कॉलेजात हे मी एकदा कुणाला तरी सांगितलं तेव्हा तो हसला, म्हणून पुन्हा कुणाला सांगितलं नाही. पण ते खरं आहे. वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग आहेत आणि पहाटेपासून त्यांचा खडखडाट चालू असतो. तो थांबला म्हणजे करंट गेला, नाहीतर धागा तुटला, नाहीतर कुणाला तरी बरं नाही. मी लहानपणी अभ्यास त्या आवाजातच केला. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा एवढी शांतता बघून मला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

मागावर माझे वडील, म्हणजे आप्पा, एक गोष्ट करतात जी मी त्यांनी न शिकवता शिकलो. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा. त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून दुसरा धोटा घालावा लागतो. आप्पा दांडा ओढतात आणि माग पुरता थांबायच्या आधीच त्यांचा हात आत गेलेला असतो. जुना धोटा बाहेर, नवा आत, दांडा परत ढकलला. बघणाऱ्याला माग थांबला होता हे कळतसुद्धा नाही. आमच्या गल्लीत जो माग थांबायची वाट बघतो त्याला कच्चा समजतात. दहावीच्या सुट्टीत मीसुद्धा तसा हात घालायला लागलो. आई ओरडली, पण आप्पांना बरं वाटलं हे मला दिसलं.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचं कारण मला तिथंच सापडतं. कदाचित मी उगीच कारण शोधत असेन.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा पहिल्या वर्षी मला वर्गात फार काही कळायचं नाही. शिकवणं इंग्रजीतून, आमचं शहर सीमाभागातलं म्हणून ऑफिसातल्या खिडकीवर बोलणं कन्नडातून, आणि मित्र आपापल्या शाळेतले आधीच ठरलेले. दोन तासांच्या मधला वेळ कुठं काढायचा हा प्रश्न असायचा. एकदा पाऊस चुकवायला मी जिमखान्याच्या मागच्या खोलीत शिरलो. तिथं एका माजी विद्यार्थ्यानं दिलेलं स्नूकरचं टेबल होतं आणि ते सांभाळायला एक म्हातारे गृहस्थ. आयुष्यभर ते कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी भागातल्या, एका क्लबात मार्कर होते. बॉल लावायचे, गुण मोजायचे, कापड ब्रशनं झाडायचं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी दाराशी उभा होतो तर त्यांनी माझ्या हातात क्यू, म्हणजे खेळायची लांब काठी, दिला आणि म्हणाले, भिजत उभारण्यापेक्षा एक लाल घाल बघू.

मी घातला. सरळ, जोरात. बॉल पॉकेटच्या मागच्या चामड्यावर असा आपटला की खोलीतले दोघेतिघे वळून बघायला लागले. मला ते बघणं आवडलं. कॉलेजात माझ्याकडे तोवर कुणी वळून बघितलं नव्हतं.

त्या वर्षी मी रोज जायला लागलो. लाल बॉल घालणं मला पटकन जमलं. पण स्नूकरमध्ये लाल घातला की काम संपत नाही. पांढऱ्या बॉलनं मारायचं असतं, आणि लाल आत गेल्यावर तो पांढरा कुठं जाऊन उभा राहतो त्यावर पुढचा रंगीत बॉल मिळणार की नाही हे ठरतं. माझा पांढरा कुठंही जायचा. तीन कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांना, धडकून परत यायचा, कधी स्वतःच पॉकेटात पडायचा. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत त्याच्या मागं फिरायचो.

अण्णा स्टुलावर बसून बघायचे. एक दिवस म्हणाले, "लाल गेला ते बघितलं. आता पांढऱ्याला पत्ता दिलास का न्हाय?"

मी म्हणालो, जाईल तिथं जाईल.

"मग तू खेळत न्हाईस रं. त्यो खेळतोय, आणि तू त्याच्या मागं पळतोयस."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाल सगळे उचलून ठेवले. सुरुवातीला टेबलावर फक्त पांढरा आणि एका कन्नड वर्तमानपत्राचं अर्धं पान. पान कुठंतरी ठेवायचं आणि पांढरा त्यावर येऊन थांबला पाहिजे. एवढंच. पांढऱ्याच्या वरच्या अंगाला मारलं की तो पुढं पळतो, खालच्या अंगाला मारलं की दुसऱ्या बॉलला लागून मागं येतो, डाव्या-उजव्या अंगाला मारलं की कुशनवरून दिशा बदलून निघतो. हे ऐकून लगेच कळतं. हाताला कळायला मला सात-आठ महिने लागले. त्यातही फिरकी जमली, पण वेग जमला नाही. हळू मारायचं म्हणजे काय हेच मला कळायचं नाही. क्यू हळू पुढं नेला की मधेच माझा हात झटका द्यायचा आणि बॉल पानावरून सरसर निघून जायचा.

अण्णा म्हणायचे, हात सोड. मी म्हणायचो, सोडलाय. ते माझ्या मनगटाला बोट लावून दाखवायचे, बघ, दगड हाय नुसता.

खरा त्रास हळू मारण्याचा नव्हता. हळू मारलेला बॉल थांबेपर्यंत नुसतं उभं राहावं लागतं, त्याचा होता. खोलीत आवाज नाही, बॉल कापडावरून रांगतोय, आणि आपल्याला काहीच करायचं नाही. माझा पाय हलायला लागायचा. पुढच्या शॉटसाठी मी आधीच वाकलेला असायचो.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, जिमखान्याच्या सरांनी सांगितलं की विद्यापीठाच्या स्पर्धेला कॉलेजातून दोघं जातील. एक जागा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची पक्की होती. दुसरीसाठी निवड चाचणी. निवडलेल्याचं नाव ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागणार होतं.

मला ती जागा हवी होती. का, हे लिहायला जरा संकोच वाटतो. त्या फळ्यावर तोवर माझं नाव एकदाच लागलं होतं, हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत. आणि गल्लीत आप्पांना कुणी विचारलं की पोरगं काय करतंय, तर ते शिकतंय एवढंच म्हणायचे, कारण त्यापुढं काय सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सांगायला एक वाक्य मिळावं, एवढंच मला वाटत होतं. चाचणीच्या आदल्या रविवारी मी त्यांना सांगूनही टाकलं की माझी निवड होईल असं दिसतंय. ते म्हणाले, "बरं की." आणि मग थोड्या वेळानं, "कशात म्हणालास?"

चाचणीत शेवटी आम्ही दोघं उरलो. दुसरा टिळकवाडीतला. त्याचे आजोबा वकील, वडील वकील, आणि त्याच्या काकांच्या क्लबात तो शाळेपासून खेळत आलेला. मी त्याचा राग करायचा प्रयत्न केला होता, पण तो सरळ मुलगा होता. माझ्या चांगल्या शॉटला शाबासकी म्हणून क्यूची मूठ जमिनीवर ठोकायचा. तीन फ्रेमपैकी, म्हणजे डावांपैकी, एक त्यानं घेतली, एक मी. दुपारची वेळ. सर भिंतीशी खुर्चीत, आठ-दहा मुलं बाकावर, आणि पंच म्हणून अण्णा, पांढरा शर्ट इस्त्री करून घालून आलेले.

तिसऱ्या फ्रेमला टेबलावर तीनच बॉल उरले. निळा पाच गुणांचा, गुलाबी सहाचा, काळा सातचा. मी दहा गुणांनी मागं. म्हणजे मला तिन्ही घालायला लागणार होते.

निळा मधल्या पॉकेटात जाण्यासारखा होता. पण निळा घालून पांढरा गुलाबीच्या मागं येऊन थांबला पाहिजे, आणि त्यासाठी डाव्या अंगाला लावून हळू मारायला हवं होतं. माझा एरवीचा शॉट असता तर मी जोरात निळा घातला असता आणि पांढरा देवाच्या हवाली केला असता. त्या दिवशी काय झालं कळत नाही. मनगट सुटलं. क्यू तेलातून गेल्यासारखा पुढं गेला. निळा पडला, त्याचा आवाजही नीट आला नाही. पांढरा बाजूच्या कुशनला टेकला, वळला आणि गुलाबीच्या दिशेनं येत येत मला हवा होता तिथंच आला. मी आजवर मारलेला तो सगळ्यात चांगला शॉट होता.

मी तो शेवटपर्यंत बघितला नाही. मी तोवर वाकलो होतो. क्यू हातावर, नजर गुलाबीवर. पांढरा जागेवर आला होता, पण डाव्या अंगाची फिरकी त्यात उरली होती आणि तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत होता. त्याच्यावर क्यूच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूचा एक ठिपका लागला होता. तो ठिपका फिरताना मला दिसला. एवढं नक्की आठवतं. दिसला आणि त्याच क्षणी माझा हात पुढं गेला.

गुलाबी पडला. बाकावरून टाळ्या आल्या.

अण्णा म्हणाले, "फाऊल. सहा."

कुणाला कळलं नाही. सर उठून उभे राहिले. अण्णांनी त्यांना सांगितलं की बॉल थांबला नव्हता, फिरत होता, आणि फिरता बॉल मारला की फाऊल. टिळकवाडीचा मुलगा म्हणाला, "अण्णा, थांबला होता की. मला तर थांबलेलाच दिसला." तो दुसऱ्या बाजूला उभा होता, त्याला खरंच तसं दिसलं असेल. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तूच सांग. फिरत होता का?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं सर."

खोटंही पुरतं नाही आणि खरं तर नाहीच. हे वाक्य मला अजून कुठंही आठवतं, बसमध्ये, जेवताना. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. ते पॉकेटातून गुलाबी काढून त्याच्या जागेवर ठेवत होते, आणि ठेवताना दोन्ही बोटांनी तो नीट स्थिर करत होते. सर म्हणाले, पंचांचं मत शेवटचं. सहा गुण त्याला मिळाले. मी अकरानं मागं. त्यानं दोन शॉटनंतर गुलाबी घातला आणि संपलं. हस्तांदोलन करताना त्याचा हात ओला होता. सॉरी, असं तो पुटपुटला.

चार दिवस मी त्या खोलीकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा अण्णा कापड झाडत होते. मी दारातूनच सांगितलं की ठिपका मला दिसला होता.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "तुझ्या नाकासमोर व्हता."

"मग मला विचारलंत कशाला?"

"मी कुठं विचारलं? सरांनी विचारलं." ते झाडत राहिले. मग ब्रश थांबवून म्हणाले, "त्यो निळ्याचा शॉट तुला मी शिकवला असं मी कॅम्पातल्या लोकांना सांगणार हाय. पुढचं न्हाय सांगणार."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणालो, तुम्ही सोडून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. ते म्हणाले, "कळलं असतं रं. मला." आणि परत झाडायला लागले.

घरी आप्पांना सांगणं राहिलं होतं. ते दुपारी चहाला उठले तेव्हा सांगितलं की निवड झाली नाही. का, तर बॉल थांबायच्या आधी मी मारला. त्यांना ते नीट समजेना. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. बॉल फिरत होता, बरोबर जागेवर होता, तू मारलास, आणि दुसरा आत गेला. मग चूक काय? मी म्हणालो, थांबेपर्यंत वाट बघायची असते. त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "लई वेळ वाया जात असंल मग त्यात." त्यांनी मला दोष दिला नाही. मला वाटतं, द्यायला हवा होता. ते माझ्या बाजूचे होते आणि त्यामुळं मला जास्तच एकटं वाटलं.

फळ्यावर टिळकवाडीच्या मुलाचं नाव लागलं. ते दोघं स्पर्धेला गेले त्या तीन दिवसांत मी वर्गात बसलो, पण काय शिकवलं ते सांगता येणार नाही. टिळकवाडीचा पहिल्याच फेरीत हरून आला. ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. लगेच लाज वाटली, पण आधी बरं वाटलं, आणि तो क्रम मला बदलता येत नाही.

तो स्वतःच मला शोधत कॅन्टीनमध्ये आला. समोर बसला आणि सांगायला लागला की तिथलं कापड अगदी नवं होतं, इतकं पळणारं की हळू मारलेला पांढराही टेबलभर जायचा. त्याला एकही बॉल हवा तिथं उभा करता आला नाही. म्हणाला, "तुझा तो निळ्याचा शॉट आठवत होता मला तिथं. तेवढ्या हळू मारायला हवं होतं. मला नाही जमलं." तो खोटं बोलत नव्हता.

आपण हरलोय हे मला तेव्हा खरं कळलं, त्या न बघितलेल्या टेबलाचं वर्णन ऐकताना. फळ्यावरचं नाव, आप्पांसाठीचं वाक्य, ते सगळं बाजूला राहिलं. त्या कापडावर मला एकदा पांढरा सोडून बघायचा होता. मी त्याला कुशन कसं होतं ते विचारलं. डाव्या अंगाला लावलं की किती वळत होता ते विचारलं. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी तो कॅन्टीनच्या टेबलावर पाण्याच्या थेंबांनी मला दाखवत होता, आणि मी उठलो नाही.