रामनगरला ठेवलेलं प्रस्थान

बनारसच्या दशाश्वमेध घाटावर छत्रीखाली तख्त टाकून बसणाऱ्या ढुंढिराजगुरुजींना एकदा विचारून बघा, रामनगर कुठल्या दिशेला आहे. पूर्वेला, असं ते सांगतील, आणि वर असं बघतील की विचारणाराच खजील व्हावा. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पुण्या-नाशिकची यात्रेकरू मंडळी समोर बसवायची आणि संकल्पात ‘भागीरथ्याः पश्चिमे तीरे’ म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला. आपला काठ पश्चिमेचा, तर पैलतीरावरचं रामनगर पूर्वेचं, झालं. नदी मध्ये वळते, रामनगर नकाशात पार खाली उजवीकडे आहे, असल्या गोष्टी संकल्पात येत नाहीत.

याच दिशेवरून त्यांचं लेकीशी बिनसलं.

मैत्रेयी त्यांची एकुलती एक. गणितात हुशार, बोलायला फटकळ. दोन्ही बापाकडूनच आलेलं. शिकली आणि तिला दक्षिणेत समुद्रकाठच्या अवकाश केंद्रात नोकरी लागली. हवामानाचे उपग्रह घेऊन जाणारं रॉकेट कुठल्या वाटेनं न्यायचं, ती वाट आखायची, हे तिचं काम. गुरुजींनी घाटभर पेढे वाटले. पण तिकीट निघालं गुरुवारचं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, त्या दिवशी तिकडं निघायचं नाही. त्यावर घरातली जुनी तोड होती, प्रस्थान ठेवायचं. आदल्या दिवशी तांदूळ, हळकुंड, सुपारी फडक्यात बांधून दुसऱ्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवायची. जाणाऱ्यानं आधी तिकडं जायचं, पुरचुंडी उचलायची आणि तिथून आपल्या वाटेला वळायचं. म्हणजे घरातून दक्षिणेला निघालोच नाही. गुरुजी बुधवारी रामनगरला जाऊन श्रीराम साव मिठाईवाल्याकडे पुरचुंडी ठेवून आले. गाडी गावातल्या कँट स्टेशनवर धरू नकोस, पुढे मुगलसरायला धर, रामनगर वाटेतच आहे, असं त्यांनी लेकीला बजावलं.

“अप्पा, रामनगर पूर्वेला नाहीच मुळी,” मैत्रेयी पाहुण्यांदेखत म्हणाली. “आग्नेयेला आहे. नकाशात बघा. मी दिशांचीच नोकरी करायला चाललेय आणि तुम्ही मला दिशा शिकवताय?”

गुरुजींचा पारा चढला. “ठीक आहे. माझा आशीर्वाद त्या पुरचुंडीत बांधलाय. उचललीस तर तुझा.”

“मग राहू दे तिथंच.”

नमस्कार न करता ती रिक्षात बसली. तिनं रिक्षावाल्याला कँट स्टेशन सांगितलेलं गुरुजींनी आतून ऐकलं.

त्याला तीन वर्षं होऊन गेली. फोन यायचे, पण ते आईला, सुरेखाबाईंना. अगदी हाताशी वाजला तरी गुरुजी “तुझा आहे” म्हणून तो बायकोकडे सरकवायचे. लेक सुट्टीला आली नाही आणि बापानं ये म्हटलं नाही. मनात मात्र सारखं एकच कुरतडायचं, की पोर आशीर्वादावाचून गेली. रामनगरला जाऊन यावं असं कितीदा वाटलं. पण पुरचुंडी सावांच्या फळीवर धूळ खात पडलेली बघवली नसती, म्हणून त्यांनी तो रस्ताच टाकला.

मागच्या आठवड्यात दुपारी मैत्रेयीचा फोन आला. सुरेखाबाई भाजी निवडत होत्या, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन जमिनीवर ठेवला. गुरुजी कोपऱ्यात वाती वळत होते. निदान हात तरी वातींवर होते. येत्या गुरुवारी सकाळी रॉकेट उडणार होतं आणि त्याची वाट आखण्यात या वेळी मैत्रेयीचा मोठा वाटा होता. उपग्रह एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरत राहणार आणि खालून पृथ्वी वळत राहणार, म्हणजे हळूहळू सगळी त्याच्या नजरेखालून जाते, असं ती सांगत होती. ढग कुठं जमलेत, वादळ कुठं उठलंय, ते त्यातून कळतं.

“रोज साधारण त्याच वेळेला आपल्या बनारसकडेही बघून जाईल, आई.”

“म्हणजे तुझ्या बापाच्या संध्येसारखं,” सुरेखाबाई म्हणाल्या. “बघ बाई, गंगा चढायच्या आत सांगत जा. यांचं तख्त दरवर्षी पायऱ्या चढवताना जीव जातो. पण मग रॉकेट सोडायचं कुठं, उत्तरेला?”

“दक्षिणेला. फक्त सरळ नेता येत नाही. वाटेत लंका आहे ना. रॉकेटचे रिकामे टप्पे खाली पडतात, ते समुद्रातच पडायला हवेत. कोणाच्या घरावरून न्यायचं नाही. म्हणून आधी आग्नेयेला न्यायचं आणि लंका बाजूला राहिली की दक्षिणेला वळवायचं. इंधन जास्त लागतं, पण इलाज नाही.”

गुरुजींच्या बोटांतली वात अर्धीच राहिली.

“गुरुवारी,” ते कोपऱ्यातून म्हणाले, “आधी आग्नेयेला. मग दक्षिणेला.”

“हो अप्पा,” मैत्रेयी म्हणाली आणि काम आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

“माझी दिशा चुकली होती,” गुरुजी बायकोला म्हणाले, “पण रीत बरोबर होती.”

“दोन्ही राहू द्या बाजूला. पोरगी चुकली होती का, तेवढं सांगा.”

गुरुजींनी अर्धी राहिलेली वात वळायला घेतली. पण बुधवारी सकाळचे यात्रेकरू आटोपले आणि ते रामनगरला निघाले. उद्या पोरीची एवढी परीक्षा, आणि आपला आशीर्वाद असा परक्याच्या फळीवर अडकून पडलेला. तो सोडवून घरी तरी आणावा, असं त्यांनी ठरवलं होतं.

साव कढईसमोर बसले होते. गुरुजींनी पुरचुंडीबद्दल विचारलं, तर ते बघतच राहिले.

“अरे गुरुजी, वो तो बिटिया उसी दिन ले गई थी. रोती भी जाती थी और लस्सी भी पीती जाती थी. बोली, अप्पा खुद पूछने आएँ तभी बताइएगा. आप आए ही नहीं.”

गुरुजी दुकानातल्या बाकावर बसले. तीन वर्षं ज्या गोष्टीनं झोप उडवली होती, ती घडलीच नव्हती, आणि हे कळायला फक्त पूल ओलांडायचा होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लेकीची इतकी माया दाटून आली की चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी आपण होऊन तिला फोन लावला.

“अप्पा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. मी रामनगरला आलोय.”

“लस्सी प्यायलात?” तिनं विचारलं.

“पितो. तू तर कँटला गेली होतीस ना गं?”

“चौकापर्यंत तशीच गेले. मग रिक्षा वळवली. पुरचुंडी माझ्या टेबलावर आहे. तांदळाला किडे लागले, ते बदलले. सुपारी तीच आहे.”

“मला सांगायचंस तरी.”

“तुम्ही विचारायचंत तरी.”

“चुकलं माझं, बाळा,” गुरुजी म्हणाले. “आशीर्वाद काय असा बांधून ठेवायचा असतो होय? तू नसती उचललीस तरी तो तुझाच होता.”

पलीकडे ती रडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “उद्या सगळं नीट झालं की फोन करते. पुरचुंडी मी उचलली होती, अप्पा. उद्याचा फोन तुम्ही उचला.”

गुरुवारी सकाळी दोघंही टीव्हीसमोर बसले. रॉकेट उडालं, ढगात गेलं, मग पडद्यावर नुसती त्याच्या वाटेची रेघ राहिली. ती आग्नेयेकडे सरकत चालली होती. गुरुजींनी हात जोडले ते सोडलेच नाहीत. लंका डाव्या-उजव्या कुठल्या अंगाला राहिली याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. रेघ हलकेच दक्षिणेकडे वाकली.

“वळलं हो,” सुरेखाबाई म्हणाल्या.

उपग्रह आपल्या जागी पोचल्याचं टीव्हीवर सांगून झालं, आणि बऱ्याच वेळानं फोन वाजला. सुरेखाबाईंचे हात मोकळे होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. गुरुजींनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

“बोल बाळा,” ते म्हणाले. “घरी कधी येतेस? गाडीतून मुगलसरायलाच उतर. मी रामनगरला येऊन थांबतो.”